तीन शनिवार

इस्पितळाच्या पत्राला मी उत्तर दिलंच नव्हतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी तीन महिन्यांत तिसऱ्यांदा पुढे ढकलली होती. ‘हरकत असल्यास लेखी कळवा,’ असंही लिहिलं होतं. पण हरकत घेणारा मी कोण? इकडे पुस्तकातली अक्षरं धुक्यात चालली होती.

फिलिपिन्समधल्या आमच्या दुमागेते शहराच्या चर्चमध्ये दर शनिवारी पुरिता बसते. कचेऱ्यांपुढे आपली बाजू कशी मांडायची, ते ती लोकांना शिकवते. मी पत्र तिच्या टेबलावर ठेवलं आणि रांगेत येईल त्याला म्हणत राहिलो, “तुम्ही व्हा पुढे.”

इथे आजोबांना ‘लोलो’ म्हणतात. रांगेतली मासळीवाली नेनिता म्हणाली, “लोलो, मरतानासुद्धा दुसऱ्यालाच पुढे पाठवाल!”

तिसऱ्या शनिवारी पुरिता खिडक्या लावू लागली. “लोलो, आता पुढच्या शनिवारी या हं.”

माझा तोलच सुटला. “तीन शनिवार ताटकळतोय मी! म्हातारा गप्प बसतो म्हणून त्याला कितीदा पुढे ढकलाल? आता माझा नंबर लागल्याशिवाय मी गप्प बसणार नाही!”

ती मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.



तिने कागद पुढे सरकवला. “तुमचंच बोलणं लिहिलंय, फक्त ‘शनिवार’च्या जागी ‘महिने’ केलंय, लोलो. सही करा,” ती म्हणाली, आणि घरी जाताना मी इस्पितळाला द्यायचं उत्तर टपालात टाकलं.