दुसरं अंडं

अर्जेंटिनातल्या कोर्दोबात कुणी इंजिनिअर झालं, की मित्रमंडळी कॉलेजच्या दारातच त्याला अंड्या-पिठानं माखून काढतात. म्हणून कोट जपणारे प्राध्यापक लुकेसी मागच्या दारानं घरी जात. आज मात्र खिडकीतून आयलेन दिसली. तोंडी परीक्षेत त्यांनीच तिला तासाभरापूर्वी पास केलं होतं. ती मुद्दाम जुना शर्ट घालून दारात एकटीच उभी होती. सोबतची मुलं सोपे प्रकल्प उरकून केव्हाच नोकरीसाठी पांगली. हिनं गावच्या शाळेला पाणी पुरवणारी पवनचक्की उभारूनच दम घेतला. लुकेसी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आले. त्यांनी मागून तिच्या डोक्यावर अंडं फोडलं. “अभिनंदन, इंजिनिअरबाई.” “सर, तुमचा कोट...” “मरू दे कोट. पवनचक्की तुला झेपायची नाही, असं कोण म्हणालं होतं?” “तुम्हीच.” त्यांनी दुसरं अंडं तिच्या हातात दिलं, हॅट काढली आणि टक्कल पुढे केलं.