दगडूची तपासणी

"नाव टाकल्याशिवाय मशीन पुढं सरकत नाही, मॅडम," टेक्निशियन म्हणाला. "काय टाकू?"

बाईंनी हातातला डबा जपून त्याच्याकडे दिला. आत कापसात गुंडाळलेलं एका मुलाच्या नडगीचं हाड होतं आणि जबड्याचा तुकडा. दोन्ही लाखो वर्षं मातीत राहून दगड झालेली.

"टाक काहीही. दगडू टाक."

"आणि वय?"

"नऊ."

"बरं झालं. खरं टाकलं असतं तर मशीनला घेरी आली असती."

बाईंच्या जीवाश्म अभ्यासणाऱ्या संस्थेकडे स्वतःचं यंत्र नव्हतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत रुग्णालय आपलं स्कॅनचं यंत्र त्यांना वापरू देई. पण आज डबा उघडायच्या आतच नर्स एका मुलीला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. मोठ्या डॉक्टरांनी तातडीनं पाठवली होती. टेक्निशियननं अवघडून बाईंकडे पाहिलं.

"तिला घे आधी," बाई म्हणाल्या. "माझ्या पेशंटला कसली घाई."

त्यानं डबा आतल्या कपाटात ठेवला आणि तो तयारीला लागला. तोवर मुलगी आणि तिचे वडील बाहेर बाईंच्या शेजारी थांबले. मुलीचा एक पाय गुडघ्याखाली सुजला होता.

"आजी, तुमचं कोण आजारी आहे?" मुलीनं विचारलं.

"दगडू. तुझ्याएवढाच आहे. पण फार जुना. माणसं अजून पुरती आपल्यासारखी झाली नव्हती ना, तेव्हाचा."

"एवढा जुना, तर माझ्याएवढा कसा?"

असा प्रश्न विचारणारं मूल भेटलं की बाई तहानभूक विसरत. त्यांनी तिला आ करायला लावलं. "हे दुधाचे दात पडले, हे नवे आले. आणि इथं मागं, हिरडीच्या आत, एक दाढ दडून बसलीय. आपल्याला दिसत नाही, क्ष-किरणांना दिसते. दगडूचीही तशीच आतच राहिली. दात वयाच्या बाबतीत थापा मारत नाहीत."

"मग त्याला झालंय काय?"

"नडगीवर टेंगूळ आहे. पडून आलं, की आतून काही वाढलं, ते आज कळेल."

"माझाही पाय दुखतो. झोपल्यावर जास्त."

"पडली असेल कुठंतरी," वडील मधेच म्हणाले. "एका जागी बसते का ही? मुलगी कसली, माकड आहे नुसतं."

"मी पडलेच नाही, बाबा."

तेवढ्यात आतून हाक आली आणि नर्सनं खुर्ची ढकलत आत नेली. वडीलही मागोमाग गेले. बाई भिंतीला डोकं टेकून बसल्या. पहाटेपासूनची दगदग होती, डोळा लागला. जागं होऊन पाहतात तर बाक रिकामं, सगळीकडे सामसूम. मुलीचं होऊन ती केव्हाच घरी गेली असणार, आपलीही तपासणी उरकत आली असणार, असं समजून त्या लगबगीनं आत गेल्या.

पडद्यावर हाड होतं. मांस, कातडी सगळं वगळून दाखवलेलं नुसतं हाड. नडगीचा मधला भाग, पडदाभर मोठा केलेला. बाईंची झोप पार उडाली. एवढ्या एका चित्रासाठी त्यांनी किती जणांच्या विनवण्या केल्या होत्या.

"सापडलं रे," त्या म्हणाल्या. चष्मा सारखा करत त्या पडद्याला जवळजवळ चिकटल्याच. "आणि काय सुरेख आलंय. हे बघ, हाडातून बाहेर कसं उन्हाच्या किरणांसारखं फुटलंय. पडून असं होत नाही. हा हाडाचा कर्करोग. इतका वाढल्यावर पोर काही फार जगलेलं नाही."

टेक्निशियननं मान वर केली नाही. त्याचं एक बोट माइकच्या बटणावर होतं. मुलीला 'हलू नकोस' असं सांगता सांगता ते तिथंच दाबलेलं राहून गेलं होतं.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "तुमचा डबा अजून कपाटातच आहे."

बाईंनी काचेपलीकडे पाहिलं. यंत्राच्या तोंडातून दोन लहान पावलं बाहेर आली होती. मग त्या मागं वळल्या. दाराशेजारी भिंतीला टेकून मुलीचे वडील उभे होते. तिच्या चपला त्यांनी छातीशी धरल्या होत्या.

जे दिसतं ते भीड न ठेवता सांगायचं, हेच बाईंनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. मी डॉक्टर नाही, माझी चूक होत असेल, असं काहीतरी आता म्हणायला हवं होतं.

पलीकडून स्पीकरमधे बारीक आवाज आला. "आजी, ते दगडूचं आहे ना?"

वडिलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंना ती नजर चुकवता आली नाही.

"हो बाळा," त्या माइकशी वाकून म्हणाल्या. "दगडूचं."

"बिचारा," मुलगी म्हणाली. "त्याच्या बाबांना कळलं होतं का?"

बाई बाजूला सरकल्या. वडील पुढं आले. माइकपर्यंत वाकायला त्यांना फार वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले. "तू आता हलू नकोस."