बिनखुणेचे

जाळ्यातल्या शेवटच्या खडस माशाचा पर तिनं चाचपून पाहिला. त्याचंही टोक कापलेलं होतं. मागच्या महिन्यात अशीच खूण करून तिनं मासे डोहात परत सोडले होते. आज एकही बिनखुणेचा आला नाही.

“सगळे तुमचेच गावले की, ताई,” जाळं ओढणारे भोईकाका खुशीत म्हणाले.

बिनखुणेचे जितके जास्त सापडतील, तितके डोहात मासे जास्त, असा तिचा हिशेब होता. त्यावरूनच वर्षातून किती वेळा मोजणी करायची ते ठरणार होतं. सगळेच खुणेचे, म्हणजे दुसरे उरलेच नाहीत. तिला रडूही आलं नाही.

“गावणारच,” काका म्हणाले. “तुमचे म्हणून पाण्याखाली दगड रचून इथंच अडवून ठेवले होते मी.”

तिच्या जिवात जीव आला. हिशेबच चुकला होता तर. “दगड काढा, काका. बाकीच्यांत मिसळू देत. पुन्हा मोजू.”

काकांनी वाकून एक दगड उचलला आणि तसाच हातात धरून राहिले.

“बाकीचे कुठले, ताई? म्हणून तर हे राखले.”

तिनं त्यांच्या हातातला दगड घेतला आणि होता तिथं परत ठेवला.