ज्याची गाडी, त्याचा पाय

"गिअरबॉक्स उघडून पाहिला. दात शाबूत आहेत, काका," मिस्त्री म्हणाला. "एकाचाही टवका उडालेला नाही."

काका जीप न्यायला आले होते. ते फाटकापासून लोखंडाचा कीस तुडवत सरळ आत आले. डावा पाय अनवाणी होता.

"चप्पल कुठं टाकलीत?"

काकांनी खाली पाहिलं. "राहिली वाटतं फाटकात. आताशा असंच होतं." मग हळूच विचारलं, "म्हणजे पोरानं गिअरबॉक्स नासवला नव्हता?"

मिस्त्रीला मान वर करवेना. सहा महिन्यांपूर्वी गिअर जड पडतो म्हणून काका हीच जीप घेऊन आले होते. त्याने क्लचची केबल ताणून दिली, फरक पडला नाही. तेव्हा हात झटकायचे म्हणून तो बोलून गेला, "कुणीतरी दगडधोंड्यांतून दामटलीय. दात गेले असणार." काही न उघडता. जीप तेव्हा काकांचा मुलगाही चालवायचा. काकांनी त्याला नको नको ते सुनावलं. ते पोराच्या इतकं जिव्हारी लागलं की तो घर सोडून गेला. अजून फोन उचलत नाही.

"नाही, काका. माझी जीभ आवरली नाही. चूक माझी."

काकांनी बॉनेटवर हात टेकला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं.

"त्याला आता काय सांगू?" ते म्हणाले.

"आधी खरा दोष सापडू दे. मग सांगा, मिस्त्री गाढव होता. बसा आत."

ही मिस्त्रीची पद्धतच होती. क्लच लावताना सीटवर मालकच हवा. ज्याची गाडी त्याच्या पायाला बसली पाहिजे, असं तो अभिमानाने सांगायचा आणि स्वतः गाडीखाली शिरायचा.

इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखा पडला. चालू केल्यावर करकरला. म्हणजे दोष क्लचचाच. क्लच पूर्ण सुटतच नव्हता.

"दाबा," मिस्त्री खालून म्हणाला.

क्लचचा दांडा जेमतेम अर्धा सरकला.

"पूर्ण दाबा, काका."

"पूर्णच दाबलाय."

केबलचा नट आधीच शेवटच्या आट्यावर होता. ताणायला जागाच उरली नव्हती. केबल नवी, प्लेट नवी. मिस्त्रीचं डोकं चालेना. तो सरपटत बाहेर आला आणि उघड्या दारातून आत वाकला.

"लवकर शोध बाबा," काका समोर बघत म्हणाले. "आज त्याला फोन करायचाच आहे."

पेडल अर्ध्यावरच होतं, खाली बरीच जागा होती. त्याच्या रबरावरून रक्ताचा बारीक ओघळ खाली ठिबकत होता. काकांच्या तळव्यात लोखंडाच्या किसाचा बोटभर तुकडा रुतला होता.

"पाय... अजून दाबा, काका."

"अजून किती दाबू?" काका हसले. "तळाला टेकलाय की."