केरबाच्या बायकोचा वास

माणसांच्या वासांची नोंद करणाऱ्या कचेरीत केरबा वारलेल्या बायकोचं लुगडं घेऊन आला. यंत्राने त्यातला वास वेगळा काढला.

"आजोबा, कीटोन जातीचं रसायन निघालंय," खिडकीतली बाई म्हणाली. "म्हणजे वासाच्या नावाच्या शेवटी 'ओन' लागणारच. त्याआधी बायकोचं नाव लागतं, ते तुम्ही सांगा. नावाशिवाय कुपी भरत नाही."

चाळीस वर्षं केरबाने तिला नुसतं 'अगं' म्हटलं होतं.

"लग्नात उखाणा नव्हता घेतला?"

"उखाण्याच्या वेळी पळालो होतो, बाई."

लुगड्यावर हात ठेवून तो कसाबसा म्हणाला, "अनसूया."

"अनसूयोन," बाईने लिहिलं.

कुपी भरू लागली. उन्हात वाळवलेल्या मेथीसारखा वास खिडकीपाशी दरवळला. आता कुणी नाव विचारलं नव्हतं.

"अनसूया," केरबा म्हणाला, "चल घरी."