पुतळ्याच्या हातातलं विमान

पडदा सरकला आणि सगुणाबाईंचं डोकंच फिरलं. युद्धात गेलेल्या त्यांच्या लेकाच्या पुतळ्याच्या हातात विमान होतं.

"वायुदल म्हटलं की विमान आलंच ना, काकू," सरपंच म्हणाले.

"गरुड कमांडो होता तो. जमिनीवर लढला. जखमी जोडीदाराला पाठीवर घेऊन कोसभर बर्फ तुडवत आला आणि मग कोसळला. एकदा घरी येऊन विचारलं असतंत, तर काय बिघडलं असतं?"

पाहुण्यांनी हार पुढे केला, तिकडे सगुणाबाईंनी पाहिलंसुद्धा नाही. पुतळ्याच्या पायाशी ठेवायला आणलेले लेकाचे झिजलेले बूट त्यांनी पिशवीतून काढले, पदरानं पुसले आणि परत आत ठेवले.

"घाला तुम्ही याला हार," पायऱ्या उतरत त्या म्हणाल्या. "माझ्या लेकाला मी घरी नेते."