सकाळचा तातेराव

या मायबापहो, जरा पुढे सरकून बसा. आमच्या तातेरावाची कथा ऐका.

जिल्ह्याच्या बेसबॉल संघाची निवड होती आणि वयाच्या अटीमुळे तातेरावाची ही शेवटची संधी. बॅटिंग यथातथाच, फेक त्याहून कच्ची. देवानं दिले होते ते नुसते पाय. चेंडू उंच गेला की हा मैदानाच्या पार टोकाला आधीच पोहोचून, विठोबासारखा कटीवर हात ठेवून त्याची वाट बघायचा.

सकाळी त्यानं सगळे झेल असेच उभ्याउभ्या घेतले, तरी निवड समितीच्या मुळूक सरांनी वहीत शून्य मांडलं. म्हणाले, "चेंडू आपणहून याच्या हातात पडतो. यात याचं काय कौतुक?"

जेवणाच्या सुट्टीत पायरी उतरताना तातेरावाचा पाय मुरगळला. दुपारी तो लंगडत धावला, प्रत्येक चेंडूवर झेपावला, मातीत लोळला. नऊपैकी एकही झेल हाती लागला नाही. मुळूक सर मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"सर, सगळे सुटले की," तातेराव म्हणाला.

"सुटू देत रे. धडपड केवढी दिसली!"

संघात पहिलं नाव त्याचंच लागलं. तर मंडळी, कुठं कुणी उभ्याउभ्या झेल घेताना दिसला, तर सकाळच्या तातेरावाची तेवढी आठवण ठेवा.